टोन द्या

सातपूरच्या त्या कारखान्यात मी हंगामी होतो, आणि हंगामी माणसाचं कँटीनचं कूपन पिवळं असायचं. पक्क्या माणसाचं पांढरं. पांढऱ्या कूपनाला ताटात दही मिळायचं, पिवळ्याला नाही. दही मला तसंही फारसं आवडत नाही. पण वाढणारा आधी कूपनाकडे बघायचा, मग माझ्याकडे, आणि भरलेला डाव परत भांड्यात सोडायचा. माणसाला हलकं करायला फार खर्च येत नाही, एक रंगीत कागद पुरतो.

माझं काम कॉम्प्युटरचं. म्हणजे कोणाचा प्रिंटर अडकला, कोणाची फ्लॉपी उघडेना, कोणाचा माउस जागचा हलेना, की मला हाक. तीही नावाने नाही. "ए कॉम्प्युटर, इकडे ये जरा." इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा, त्यानंतर क्लासमध्ये शिकवण्याची नोकरी, आणि हे सगळं करून मी झालो कोण, तर कॉम्प्युटर. मी गप्प जायचो. पक्कं व्हायचं होतं ना.

मग एके दिवशी धाकट्या मालकांनी बोलावलं. ते पुण्याला एका मित्राचा कारखाना बघून आले होते. तिथे म्हणे लोक आपापल्या टेबलावरून फॅक्स पाठवतात, मशीनपाशी जाऊन उभं राहत नाहीत. विकतचं सॉफ्टवेअर त्यांना महाग वाटत होतं. मी म्हटलं, फुकटचं आहे, लिनक्सवर चालतं, जुना एखादा कॉम्प्युटर आणि फोनच्या लाइनला जोडायचा एक मोडेम द्या. त्यांचा विश्वास बसला नाही, पण फुकट हा शब्द त्यांना आवडला. ते म्हणाले, दसऱ्यापर्यंत एकूण एक वेंडरला शेड्यूल तुझ्या सिस्टिमवरून जायला लागलं आणि कोणाची तक्रार आली नाही, तर तुला पक्कं करतो. एकाचीही तक्रार आली तर बघ, असंही म्हणाले. बघ म्हणजे काय ते मला समजत होतं. माझ्यामागे तसलेच डिप्लोमावाले रांगेत उभे होते.

शेड्यूल म्हणजे उद्या कोणी किती माल आणून टाकायचा त्याचा कागद. आम्ही गाड्यांचे ओतीव भाग बनवायचो आणि त्यासाठी बारीकसारीक वस्तू पुरवणारे वेंडर नाशिकभर आणि आसपास पसरलेले होते. हे कागद पाठवण्याची सत्ता खरेदीखात्यातल्या काकांकडे होती. सत्ताच म्हणायची. फॅक्सच्या मशीनला त्यांनी काचेची केबिन बांधून घेतली होती, आणि उकाड्याने फॅक्सचा कागद काळा पडतो हे कारण सांगून त्या मजल्यावरचा एकुलता एक एसी तिथे बसवून घेतला होता. मशीनपेक्षा गारवा काकाच जास्त खायचे. ज्याला फॅक्स पाठवायचा असेल त्याने कागद घेऊन काचेबाहेर उभं राहायचं. काका कागद घेत, वाचत, वर भिवया उडवत, मग ठेवत. आलेला फॅक्सही आधी त्यांच्या डोळ्यांखालून जायचा. कोणाच्या ऑर्डरी बुडाल्या, कोणाचा माल परत आला, कोणाचा मेहुणा कुठे चिकटला, सगळं त्यांना आधी कळायचं.

फॅक्स पाठवायची आपल्याकडची रीत इथे सांगायला हवी, कारण पुढचं सगळं रामायण तिच्यातून झालं. परदेशात फॅक्सला म्हणे वेगळी लाइन असते. आपल्याकडे एखादा मोठा कारखाना सोडला तर एकच लाइन, तिच्यावरच फोन आणि तिच्यावरच फॅक्स. फोन वाजला की माणूस उचलणार आणि "हॅलो" म्हणणार. मग आपण म्हणायचं, "टोन द्या." मग तो मशीनचं बटण दाबणार, तिकडून शिट्टी येणार, मग आपण आपलं बटण दाबायचं. मशीनला आपोआप उचलायला लावता येतं, तसं बटण त्याच्यावर असतं, पण ते कोणी लावत नव्हतं. मावशीचा फोन आला आणि तिच्या कानात शिट्टी वाजली तर काय घ्या. त्यामुळे अख्ख्या नाशकात दिवसभर लोक एकमेकांकडे टोन मागायचे. "भाऊ, टोन द्या." "वहिनी, टोन द्या." काकांना तर त्याची चटकच होती. संध्याकाळी सुटायच्या आधी ते एकेका वेंडरला फोन लावत, खुशाली विचारत, एखाद्याला दम देत, आणि मग देवळात तीर्थ मागावं तसा हात पुढे करून टोन मागत.

मला हे सगळं माहीत होतं. काय चाललंय ते दिसत असूनसुद्धा, यात माणूस लागतो, हे काही डोक्यात शिरलं नव्हतं.

जुना कॉम्प्युटर मिळाला तो भंगारात टाकायच्या रांगेतला होता. त्याला मॉनिटर नव्हता, माझाच काढून तेवढ्यापुरता लावायचो. लिनक्सची सीडी एका मासिकाबरोबर आलेली. ती टाकली, ते चढलं. मग फॅक्सचं सॉफ्टवेअर. ते आधी प्रश्न विचारतं. देश कोणता, गाव कोणतं, बाहेरगावासाठी आधी काय फिरवायचं, फोन आला तर किती रिंगनंतर उचलायचा, नाही लागला तर पुन्हा कधी लावायचा. एखाद्या चौकस म्हाताऱ्यासारखं ते मला दिवसभर विचारत राहिलं आणि मी उत्तरं देत राहिलो. मोडेम सापडेना, मग सापडला. सापडला तर बोलेना, परवानगी नाही म्हणे. परवानगी दिली तर अर्धं पान पाठवून गप्प. जाता-येता लोक डोकावून म्हणायचे, "काय रे, अजून नाही का झालं?" तोंडावर काही म्हणालो नाही. मनात जे म्हणालो ते इथे लिहिण्यासारखं नाही.

शेवटी झालं. नेटवर्कवरच्या प्रत्येक कॉम्प्युटरला प्रिंटरच्या यादीत ‘फॅक्स’ नावाचा आणखी एक प्रिंटर दिसायला लागला. कागद टाइप करा, प्रिंट म्हणा, नंबर द्या, उठायचं काम नाही. कागद त्या भंगारातल्या डब्याकडे जायचा, डबा मोडेमला सांगायचा, मोडेम नंबर फिरवायचा. लागला नाही तर थोड्या वेळाने पुन्हा, तरी नाही तर पुन्हा. त्याला कंटाळा नाही, मान नाही, अपमान नाही. मला तो डबा फार आवडायला लागला होता.

पहिल्याच दिवशी काकांनी तक्रार केली. मोडेम नंबर फिरवताना टिर्र टिर्र करतो आणि पलीकडची शिट्टी लागली की किंचाळतो, त्याने त्यांचं डोकं उठतं. ज्यांनी आयुष्यभर फॅक्सच्या शिट्टीवर पोट भरलं त्यांना माझ्या मोडेमची शिट्टी खुपत होती. मालकांनी मला सांगितलं, त्याचं तोंड बंद कर. मी सेटिंगच्या फाइलमध्ये एक आकडा बदलला आणि मोडेमचा स्पीकर बंद झाला. त्यानंतर तो मुकाट्याने नंबर फिरवायचा आणि मुकाट्याने ठेवायचा. पलीकडे काय होतंय ते कोणालाच ऐकू येईनासं झालं.

मालकांच्या हुकुमाने शेड्यूलं आता रोज जेवणानंतर काकांच्या कॉम्प्युटरवरून निघायची. मोठ्या वेंडरांचे कागद पहिल्या झटक्यात जायचे. त्यांच्याकडे फॅक्सची वेगळी लाइन होती. छोट्यांपैकी काहींचे जात नव्हते, विशेषतः घोटीच्या खोकीवाल्याचा. हा आम्हाला लाकडी खोकी पुरवायचा. मी त्याच्याविषयी काळजी केली नाही. पावसाळा होता, आणि घोटीकडे पाऊस लागला की टेलिफोनच्या लाइनी जातात हे शेंबड्या पोराला ठाऊक असतं. मी काकांना विचारायचो, घोटीचं शेड्यूल जातंय ना? काका एसीत बसून सांगायचे, जातंय की. मी समजायचो, डब्याने कधीतरी पुन्हा लावून पाठवलं असेल. कागद गेला नाही की सॉफ्टवेअर पाठवणाऱ्याला मेल करून कळवायचं. तो मेल काकांच्या कॉम्प्युटरवर यायचा आणि काका मेल उघडत नसत. मेल बघायला मी काय पोस्टमन आहे का, असं ते एकदा सगळ्यांसमोर म्हणाले होते आणि सगळे हसले होते.

दसरा जवळ आला होता. एका दुपारी जेवण झाल्यावर मला मालकांच्या खोलीत बोलावणं आलं. आत मालक, काका, आणि खुर्चीच्या टोकावर बसलेला एक किडकिडीत माणूस. त्याच्या शर्टावर लाकडाचा भुसा होता. मांडीवर कापडी पिशवी. हाच घोटीचा खोकीवाला, मी त्याला पहिल्यांदा बघत होतो. त्याने पिशवीतून रुमालात गुंडाळलेली एक डबी काढून टेबलावर ठेवली. कोणाचा फोन आला त्याचा नंबर दाखवणारी डबी. तेव्हा ती नवीनच निघाली होती. त्याने ती घरच्या फोनची वायर सोडवून, सेलसकट, पुरावा म्हणून आणली होती. बटण दाबत तो एकेक नंबर मालकांना दाखवत होता. दुपारच्या वेळेला सगळीकडे एकच नंबर.

"ह्यो नंबर हितं कुनाचा हाय, तेवढं सांगा," तो म्हणाला.

काकांनी माझ्याकडे बोट केलं. ती लाइन आमच्या कॉम्प्युटरकडे असते, म्हणाले. इतक्या तत्परतेने त्यांनी आयुष्यात कोणाला काही सांगितलं नसेल.

मग हळूहळू मला कळलं की काय चाललंय. फॅक्सचं मशीन त्याने घरी ठेवलं होतं, कारण त्याच्या कारखान्यात भुसा उडतो आणि मशीन बिघडतं. दुपारी तो कारखान्यात आणि बायको घरी एकटी. रोज दुपारी घरी फोन येतो, एकदा येऊन थांबत नाही, पुन्हा पुन्हा येतो. बायकोला विचारलं तर ती म्हणते, राँग नंबर. शेजारची म्हातारी म्हणते, कसला राँग नंबर, बाई चांगली बोलत बसलेली असते. म्हणून त्याने डबी आणली, टेलिफोनच्या ऑफिसात नंबर दाखवला, आणि डबीत आमचा कारखाना निघाला.

ब्लँक कॉल. त्या काळी या दोन शब्दांनी घरंच्या घरं उठत होती. पलीकडे कोणी बोलत नाही म्हणजे पुरुष आहे, आणि पुरुष आहे म्हणजे बाईचं काहीतरी आहे. याच्यापुढे विचार करायची कोणाची तयारी नसायची. आणि तो पुरुष म्हणे मी. ज्या बाईचं मी तोंड पाहिलेलं नाही, जिचं नावही मला माहीत नाही, तिच्या घरी मी रोज दुपारी मालकाच्या पैशाने फोन लावत होतो.

मी म्हटलं, फोन नाही जात, फॅक्स जातो. दाराशी तोवर अकाउंट्समधली माणसं जमली होती, ती हसली. मालक हसले नाहीत. ते म्हणाले, असल्या भानगडी असतील तर दसऱ्याची वाट बघायची गरज नाही. म्हणजे माझी नोकरी त्या डबीत अडकली होती.

खोकीवाला म्हणाला, "फ्याक्स कसा आसंल? फ्याक्स तर संध्याकाळी येतो. काका टोन मागत्यात, मी घरीच असतो, मी देतो."

मी काकांकडे बघितलं. काकांनी मान वळवली नाही. "मग काय माल बंद पडू द्यायचा?" ते म्हणाले. माझी सिस्टिम ज्यांना पोचवत नव्हती त्या सगळ्यांना हा गृहस्थ रोज संध्याकाळी फोनवर विचारून, गुपचूप जुन्या मशीनवरून शेड्यूल पाठवत होता, आणि मला जातंय की म्हणत होता. दसऱ्याच्या आदल्या दिवशी मालकांपुढे न गेलेल्या कागदांचा ढीग टाकायचा त्याचा बेत असणार. तेव्हा मला खरं घोडं कुठे पेंड खातंय ते कळलं. पलीकडे माणूस फोन उचलतो, हॅलो म्हणतो, आणि वाट बघतो की कोणी टोन मागेल. माझा मोडेम वाट बघतो की शिट्टी येईल. त्याला टोन मागता येत नाही. त्याला मागण्याची रीतच माहीत नाही. तो फक्त दर दोन-तीन सेकंदांनी एक बारीक पीप करतो, मी फॅक्स आहे हे सांगायला, आणि मिनिटभराने ठेवून देतो. मग पुन्हा लावतो.

मी हे समजावून सांगितलं. कोणाला पटलं नाही. उचलली जीभ लावली टाळ्याला, असा काकांचा चेहरा. खोकीवाल्याने एकच विचारलं, मशीन जर बोलत नाय तर ही बाई बोलती कुनाशी? मी म्हटलं, अहो, हॅलो हॅलो करत असतील. माझा आवाज चढला होता. मी म्हटलं, चला माझ्याबरोबर, तुमच्यासमोर लावून दाखवतो, मोडेमचा आवाज चालू करतो, तुमच्या कानांनी ऐका. मालक म्हणाले, लाव. खोकीवाला म्हणाला, "लावा. मी हितंच उभा ऱ्हातो."

सगळे माझ्या खोलीत आले. खोली कसली, जिन्याखालची जागा. मी फाइल उघडून तो आकडा पूर्ववत केला, स्पीकर होता तेवढा मोठा केला. या गोंधळात त्या दिवशीची शेड्यूलं अजून गेलेली नव्हती, त्यातलं घोटीचं पहिलं लावलं. मला खात्री होती. ती बाई हॅलो हॅलो करील, वैतागून ठेवील, मशीन पुन्हा लावील, संपलं. मी निर्दोष, काका उघडे.

मोडेमने नंबर फिरवला. रिंग वाजायला लागली. फार वाजली नाही, लगेच उचलला.

"हॅलो."

मोडेम म्हणाला, पीप.

"आला व्हय. आज लय उशीर केला."

स्पीकर लहानसा, बाईचा आवाज त्यातून पत्र्याच्या डब्यातून यावा तसा येत होता, पण शब्द न् शब्द कळत होता.

"मला वाटलं आज येत नाय तू. बस जरा. तांदूळ निवडायला घेतलेत, निवडता निवडता बोलते."

पीप.

"काल तुला सांगायचं राहूनच गेलं बघ. परवा मी आमटीत मीठ घातलं नाय. मुद्दाम नाय घातलं. म्हनलं, आता तर बोलंल. शिवी देईल, ताट सारील, पन कायतरी बोलंल."

पीप.

"नाय बोलला. सगळी आमटी खाल्ली. हात धुतला आन टीवी लावला."

पीप. गोष्ट सांगताना ऐकणाऱ्याने मध्ये मध्ये हुंकार द्यावा लागतो, नाहीतर सांगणारा थांबतो. माझा मोडेम अगदी वेळच्या वेळी हुंकार देत होता.

"माज्या आईला बरं नाय, पेठला जायचंय. ते बी बोलायचंय. पन कवा बोलू? तू बरा हायेस, ऐकून तरी घेतो." मग थोडं थांबून, "झाली का तुजी वेळ? जा. मागून येशील ना परत? मी हितंच हाय."

खट् झालं आणि लाइन तुटली. तिला मोडेमची वेळसुद्धा बरोबर माहीत झाली होती.

दारातल्या कोणीतरी खिदळल्यासारखा आवाज काढला. कोण होता ते मला अजून माहीत आहे, आणि समोर आला तर आजही त्याच्याशी बोलत नाही. मी पुढचे प्रयत्न रद्द केले. मला अपराधी वगैरे वाटलं नाही, संताप आला. काकांचा, मालकांचा, दारातल्या त्या गर्दीचा. एका बाईने बंद घरात केलेलं बोलणं या सगळ्यांनी भर दुपारी चहासारखं पिऊन टाकलं होतं, आणि ते त्यांना पाजायला मला लावलं होतं. सगळ्यात जास्त संताप त्या खोकीवाल्याचा आला. तो लोकांकडे बघत नव्हता. मोडेमकडे बघत होता.

"ह्यो ऐकतो का?" त्याने मला विचारलं.

मी म्हटलं, "नाही. त्याला फक्त शिट्टी ओळखता येते."

"म्हंजी ती एकटीच बोलत व्हती."

"हो."

त्याने हातातली डबी रुमालावर ठेवली. मग म्हणाला, "आमटीत मीठ नव्हतं, ते कळलं व्हतं मला. मला वाटलं, राहिलं आसंल."

डबी रुमालात गुंडाळून पिशवीत टाकली आणि तो निघून गेला. मालकांनी चहा सांगितला होता, त्यालाही थांबला नाही. तो गेल्यावर मालकांनी माझ्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाले, सुटलास बघ. काका केबिनमध्ये जाऊन बसले आणि त्यांनी काचेचं दार लावून घेतलं.

रात्रभर माझ्या मनात एकच, की हा माणूस आता घरी गेला असेल आणि काहीतरी बोलला असेल. भांडला असेल तरी चालेल. नाहीतर नुसतं विचारलं असेल, पेठला कधी जायचंय. मला त्या बाईशी काही देणंघेणं नव्हतं, पण एवढं व्हावं असं फार वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी त्याचा फोन आला. माझ्यासाठी. त्या कारखान्यात मला पहिल्यांदा कोणीतरी साहेब म्हणालं, ते त्याने.

"साहेब, मशीन आटोवर टाकलंय. आता ते आपलं आपन उचलतंय. टोन मागाया नको कुनी."

मी विचारलं, "आणि घरी कोणाचा फोन आला तर? शिट्टी वाजेल ना कानात."

"घरी कोन फोन करतंय?" तो म्हणाला. "तुमचाच तेवढा येत व्हता."

मी पेठचं विचारणार होतो. तोंडाशी आलं होतं. पण ते मला माहीत आहे ते कसं माहीत आहे, हे त्यालाही माहीत होतं आणि मलाही. मी बरं म्हणालो आणि त्याने फोन ठेवला.

त्या दुपारी घोटीचं शेड्यूल पहिल्या झटक्यात गेलं. मालकांना इतका आनंद झाला की त्यांनी सगळ्या छोट्या वेंडरांना फर्मान काढलं, घोटीवाल्यासारखं करा, मशीन आटोवर टाका, नाहीतर ऑर्डर मिळणार नाही. सगळ्यांनी टाकलं. एका आठवड्यात नाशिक, घोटी, इगतपुरीकडे आमच्यापुरतं टोन मागणं बंद झालं. काकांची केबिन मोडून तिथे स्टेशनरीचं कपाट ठेवलं आणि एसी मालकांच्या खोलीत गेला. दसऱ्याला मला पक्कं केलं. कँटीनमध्ये पांढरं कूपन दाखवलं तर वाढणाऱ्याने माझ्याकडे न बघता दही वाढलं. मी ते ताटात तसंच ठेवून उठलो.

मोडेमचा आवाज मात्र मी पुन्हा बंद केला नाही. रोज जेवणानंतर घोटीचा नंबर फिरायचा, रिंग वाजायची, कोणीतरी उचललं असं वाटेपर्यंत शिट्टी यायची, आणि कागद निघून जायचा. हॅलो कधी आलं नाही. काका आता माझ्या शेजारच्याच टेबलावर बसायचे. त्यांनी पुन्हा मालकांकडे तक्रार केली की या किंचाळण्याने डोकं उठतं. मालकांनी मला विचारलं. मी म्हटलं, सिस्टिम बरोबर चालली आहे की नाही ते असंच कळतं, आवाज राहू दे. आणि काकांना सांगितलं, कानात बोळे घाला.